पबमध्ये पेटी वाजवायची असेल तर

मी मिरजेचा. नोकरीनिमित्त इंग्लंडात शेफील्डला आलो तेव्हा सामानात पेटी आणली, आणि दर सोमवारी रात्री ती एका पबच्या मागच्या खोलीत जाते. तिथे आठ-दहा जण गोल करून बसतात. दोन-तीन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी), एक लाकडी बासरी आणि कोपऱ्यात मी. स्टेज नाही, माइक नाही, तिकीट नाही. एकाने धून धरली की बाकीचे तिच्यात शिरतात. याला इथे सेशन म्हणतात.

लीड्सहून, रेडिंगहून आपली माणसं मला फोन करतात. "आम्हालाही पबमध्ये असं महिन्यातून एकदा बसायचंय, अभंग, लोकगीतं, जे येईल ते. लायसन्स लागतं का हो?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून ठेवतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, वीज न लावता, म्हणजे माइक-स्पीकरशिवाय, गायला-वाजवायला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, करमणुकीचं लायसन्स लागत नाही. पब असो, हॉल असो की चहाचं दुकान. ऐकायला किती माणसं आहेत तेही कुणी मोजत नाही. माइक किंवा स्पीकर लावलात तरी पबला दारू तिथेच बसून प्यायला विकण्याचा परवाना असेल, त्या वेळी पब चालू असेल आणि ऐकणारे पाचशेच्या आत असतील, तर अकरापर्यंत तेही चालतं.

एवढं सोपं आहे तर पबवाले बिचकतात का? कारण नियम इतक्यांदा बदलले की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळ्या सालचा नियम बसलाय.

2011 च्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका पबमध्ये बसायचो. तिथे नवा मॅनेजर आला. खांद्यावर ग्लास पुसायचं फडकं टाकून तो आमच्या गोलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दोघांनी वाजवा, बाकीच्यांनी नुसतं बसा. कायदा आहे." आमच्यातला म्हातारा फिडलवाला खो खो हसला. खरोखरच 1964 च्या कायद्यात दोन वादकांपर्यंत वेगळी परवानगी लागत नसे. पण 2003 चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट नोव्हेंबर 2005 मध्ये लागू झाला आणि ती दोघांची सवलत गेली. म्हाताऱ्याने मॅनेजरला नेमकं हेच समजावून दिलं, की दोघांचा नियम मरून सहा वर्षं झाली, आता एकट्यालाही परवानगी लागते! झालं. मॅनेजरने आम्हा सगळ्यांनाच उठवलं. घाईत पेटीच्या डब्याची कडी माझ्या हातात तुटून आली. ती अजून सुतळीने बांधलेली आहे.

तेव्हापासून मी कायद्याचे कागद स्वतः वाचायला लागलो. आणि खरं पाहता म्हाताऱ्याचंही अर्धंच बरोबर होतं. त्याच 2003 च्या कायद्यात दुसऱ्या कशाच्या जोडीने, म्हणजे जेवण-गप्पांच्या मधे, चाललेल्या संगीताला सूट होती, आणि मॉरिस नाचाबरोबरच्या संगीतालाही. मॉरिस म्हणजे पायात घुंगरं बांधून, हातातल्या काठ्या आपटत केलेला इंग्रजी नाच. आपली टिपरी आणि लेझीम यांच्या मधे कुठेतरी बसेल असा. कायद्यात त्याचं नाव घेऊन सूट आहे, 'किंवा तत्सम' हे शब्दही आहेत. आमच्या मंडळाच्या लेझीमवाल्यांना हे सांगितल्यापासून ते जरा ताठ चालतात.

पुढे लॉर्ड क्लेमंट-जोन्स यांनी मांडलेलं खासगी विधेयक पास होऊन लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट आला आणि 1 ऑक्टोबर 2012 पासून आठ ते अकराची मोकळीक मिळाली. सुरुवातीला स्पीकर लावून दोनशे माणसं चालत, एप्रिल 2015 पासून पाचशे. पबवाल्याशी बोलताना या दोन तारखा तोंडपाठ ठेवा, बाकी इतिहास सोडून द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आधी एक-दोनदा तिथे नुसते गिऱ्हाईक म्हणून जाऊन बसा. बारजवळ किंवा दाराशी भिंतीवर परवान्याचा गोषवारा लावलेला असतो. तो लावणं बंधनकारक आहे. त्यावर दारूविक्रीच्या वेळा असतात आणि जबाबदार माणसाचं नाव असतं. बोलायचं त्याच माणसाशी. शनिवारी रात्री ग्लास गोळा करणाऱ्या पोराला विचारलंत तर तो 'नाही'च म्हणणार, कारण 'नाही' म्हणण्यात त्याचं काही जात नाही. मंगळवारी दुपारी तीनला जा, गर्दी नसते.

कधी कधी परवान्यात जुनी अट सापडते. संगीत दहाला बंद, किंवा दोनच वादक. पब चालू असताना अकरापर्यंत अशा संगीताच्या अटी आता लागू होत नाहीत. अपवाद एकच, त्या पबच्या परवान्याची फेरतपासणी होऊन कौन्सिलने अट मुद्दाम परत लावलेली असेल तर. शंका असेल तर कौन्सिलकडे परवान्यांची नोंदवही असते, ती कुणालाही पाहता येते.

वीज लावू नका, हा मात्र माझा हट्ट. मोबाइलवरचा तानपुरा छोट्या स्पीकरला जोडण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. पण साधी बैठक असेल तर माणसं मोजावी लागत नाहीत, परवान्याचा प्रकार बघावा लागत नाही, वाद घालायला जागाच उरत नाही. शिवाय पेटीला स्पीकर हवाय कुणाला? कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही वाजवणारी सोय, लावला की दोन फिडल गडप होतात. कपलर बंद ठेवा. इथली मंडळी बहुतेक पांढरी दोन किंवा पांढरी पाच या पट्टीला सा धरून वाजवतात. काळी एकचा हट्ट धरलात तर बासरीवाला बिचारा हात बांधून बसतो. जिग म्हणजे आपल्या दादऱ्याच्या चालीचं, सहाच्या वजनाचं. ढोलकीवाला दुसऱ्या आवर्तनाला धरतो.

लायसन्स लागत नाही म्हणजे आवाजाला माफी मिळाली असं नाही. खरी गोम इथे आहे. 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली शेजाऱ्याच्या तक्रारीवरून कौन्सिल उपद्रवाची नोटीस काढू शकतं आणि तिला घड्याळ नसतं, संध्याकाळी सातलाही निघू शकते. शेजारी पबच्या परवान्याच्या फेरतपासणीचीही मागणी करू शकतो. पबवाला घाबरतो तो याला. म्हणून पहिल्या बैठकीला एकाने बाहेर रस्त्यावर जाऊन ऐकून यावं. ढोलकीचा धुम आमच्या भिंतीतून नाही, खिडकीतून जायचा. आता सव्वादहाला मालकीणबाई स्वतः येऊन खिडक्या लावते आणि आम्ही घामाघूम होऊन वाजवतो. आपल्याकडे लाउडस्पीकरला दहाची मर्यादा, इथे अकरा, पण शेजारी दोन्हीकडे सारखाच.

गाणी कुठली म्हणता, हा कौन्सिलचा विषय नाही, तो स्वामित्वहक्काचा. त्यासाठी पब वेगळे पैसे भरतो. 2018 पासून हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या दोन संस्थांचा मिळून एकच परवाना झाला, 'द म्युझिक लायसन्स' नावाचा. बहुतेक पबांकडे असतो. एकदा विचारून घ्या. जुन्या पारंपरिक धुनांवर कुणाचा हक्क नाही. आपल्या अभंगांचं मात्र बघा. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर तिच्यावर त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशकं इथे हक्क चालतो. भावगीतांचं तेच. वारकरी चालीत म्हणा, प्रश्नच नाही.

अकरानंतर? तुम्ही सगळे गप्पा मारायला, जेवायला जमलात आणि मधेच कुणी गुणगुणलं, तर ते दुसऱ्या कशाच्या जोडीचं संगीत म्हणून सुटू शकतं. पण दारावर 'आज मराठी संगीत रात्र' असं पोस्टर लावलंत, खुर्च्या तुमच्याकडे तोंड करून मांडल्यात, तर संगीतासाठीच लोक आले हे उघड आहे. मग ती सूट विसरा. पोस्टर लावू नका असं नाही. लावा, आणि अकराला थांबा.

थांबायचंच नसेल तर तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यायची. फी 21 पौंड, माणसं नोकरचाकर धरून 499 च्या आत, आणि कामाचे दहा दिवस आधी. त्या दहांत नोटीस पोचल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस धरायचे नाहीत. उशिरा, कामाचे पाच ते नऊ दिवस आधीही देता येते. पण तेव्हा पोलिसांनी किंवा कौन्सिलच्या आवाजखात्याने हरकत घेतली की संपलं, सुनावणी नाही. दरवर्षी एका पबच्या नावावर किती नोटिसा चालतील याला मर्यादा असते, म्हणून आधी मालकाला विचारा. त्याने त्या फुटबॉलसाठी राखून ठेवलेल्या असतात.

स्कॉटलंडमध्ये यातलं काही जसंच्या तसं लावू नका. तिथला लायसन्सिंगचा कायदा 2005 चा, वेगळा. एडिनबराला बसायचं असेल तर तिथल्या माणसाला विचारा.

आम्ही नोटीस वर्षातून एकदाच देतो, कोजागिरीला. दूध पबच्या स्वयंपाकघरात आटवतो, स्वयंपाकी रविवारच्या ग्रेव्हीचं मोठं पातेलं देतो. नोटीस त्या रात्री जागेवर असावी लागते, म्हणून ती बारच्या मागे चिमट्याला लावलेली असते. गेल्या खेपेच्या कागदावर केशराचा डाग पडलाय. चंद्र काही दिसला नाही, शेफील्डच तें. फिडलवाल्या म्हाताऱ्याने बाराला पहिला घोट घेतला, मिशी पुसली आणि विचारलं, "यात व्हिस्की घातली तर चालेल का?"