स्वस्त हेडफोन निवडताना आणि त्याची केबल घरी बनवताना

हजार-दीड हजाराचा वायरचा हेडफोन बाद होतो तो बहुतेक वेळा वायरपायी. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, धडधाकट असतो, पण पिनेच्या बुडाशी किंवा कपात शिरते तिथे तार वाकून वाकून तुटते. तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटात असा की धुळ्यात, दुकानात आधी वायर पाहा. कपापासून सुटी होणारी, दोन्ही टोकांना साधी ३.५ मिमीची पिन असलेली वायर सगळ्यात बरी.

खोक्यावरचे दोन आकडे वाचा: इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) १६ ते ३२ ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलवर किती मोठा वाजतो ते) १०० डेसिबलच्या आसपास. एवढं असलं की मोबाइलवर पुरेसा आवाज निघतो. २५० ओहमचा हेडफोन मोबाइलवर दबकाच वाजणार. ड्रायव्हर ५० मिमीचा की ४० चा, यावरून आवाजाची प्रत कळत नाही. पाठ असलेलं एखादं अहिराणी गाणं लावून पाहा. ढोल-संबळाच्या ठेक्यातही शब्द न् शब्द कळला पाहिजे. ‘एक्स्ट्रा बास’वाले नेमके इथेच नापास होतात. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात रेक्झिनची गादी घामाने सोलवटते, कापडी घ्या.

आता केबल. सामान थोडंच: धातूच्या टोपणाच्या दोन ३.५ मिमी स्टिरिओ पिना, सव्वा मीटर बारीक दोन-कोअर शिल्ड वायर (आत दोन तारा, भोवती धातूची जाळी), २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची फ्लक्सवाली सोल्डर वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) आणि मल्टिमीटर.

टोपण आणि स्लीव्ह आधी वायरीत ओवा. हे विसरलं की झालेला जोड पुन्हा उकलावा लागतो, आणि सगळेच विसरतात. वरचं कव्हर १२ मिमी सोला, शिल्डची जाळी पिळून एक तार करा. पिनेचं टोक म्हणजे डावा, मधलं कडं उजवा, मागचा लांब भाग ‘अर्थ’, म्हणजे शिल्डची तार जोडायची ती दोघांची सामाईक जागा. तारेला आणि पिनेच्या पट्टीला वेगवेगळा डाख (वितळलेलं सोल्डर) चढवा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत आयर्न उचला. जास्त वेळ धरलात तर पिनेतलं प्लास्टिक वितळून कडी सरकतात. त्यासाठी पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून काम करा. पिनेची पकड वायरीच्या वरच्या कव्हरवर दाबा, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. उकाडा कितीही असो, पंखा थेट टेबलावर नको. टोक थंड पडतं आणि डाख भुरकट, कच्चा बसतो.

हेडफोनची मूळ वायर कापून नवी पिन लावायची असेल, तर आतल्या रंगीत तारांवर इनॅमल, म्हणजे रोगणाचा पातळ थर, असतं. त्यावर डाख धरतच नाही. ब्लेडने खरवडू नका, केसाएवढ्या तारा तुटतात. आयर्नच्या टोकावर डाखाचा थेंब घेऊन तारेचं टोक त्यात धूर येऊन जाईपर्यंत बुडवा; खिडकी उघडी ठेवा. बहुधा लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांब्याच्या रंगाची किंवा सोनेरी तार अर्थ.

तयार केबल हेडफोनला जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर लावा. टोक-टोक, कडं-कडं, अर्थ-अर्थ वाजलं पाहिजे, आडवं कुठेही नाही. तपासताना वायर हलवत राहा.

संगीत ऐकू येतं पण गायक गायब, असं झालं तर अर्थ सुटलाय. तेव्हा करंट डाव्या-उजव्या ड्रायव्हरमधून ओळीने जातो आणि दोन्हींतला फक्त फरक वाजतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हींत सारखाच, म्हणून तो कटतो.

मोबाइल एखाद्या मंडळाच्या ॲम्प्लिफायरला पी-३८ मोनो पिनेने (जाड पाव इंची, डावा-उजवा वेगळा नसलेली) जोडायचा असेल, तर डावा-उजवा थेट एकत्र पिळू नका. मोबाइलचे दोन आउटपुट एकमेकांवर भिडतात. प्रत्येकात १ किलोओहमचा, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा रेझिस्टर घाला आणि त्यांची पुढची टोकं जोडून पिनेच्या टोकाला न्या. पाव वॉटचे चालतात, पिनेच्या टोपणातच मावतात. फक्त दोघांवरही स्लीव्ह चढवा, नाहीतर धातूच्या टोपणाला टेकून आवाज बंद पडेल.