रवी वर्मा छापाचं चित्र: आधी बघा, मग लिहा

घरातल्या जुन्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरीबद्दल लिहायचं असेल, तर आधी ती छापील आहे की हाताने रंगवलेली, हे ठरवा. दहापट भिंग घेऊन चेहऱ्याचा गाल बघा. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, वेगवेगळ्या रंगांचे लहान-मोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे. ठिपके एका मापाचे, जाळीसारखे ओळीत बसलेले दिसले, तर ती नंतरची ऑफसेट प्रत आहे.

मग खालचा समास वाचा. छापखान्याचं नाव आणि गाव जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवा. चित्रकार रवी वर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला, त्यामुळे गावाचं नाव काळ ठरवायला फार उपयोगी पडतं. फ्रेमवाले बहुधा हाच समास कापतात. तसं असेल तर ‘समास कापलेला’ असं लिहा, तारीख ओढूनताणून देऊ नका.

चित्राचा आणि कागदाचा आकार सेंटिमीटरमध्ये वेगवेगळा मोजा, आधी उंची. फोटो फ्लॅशशिवाय घ्या, एका बाजूने तिरका प्रकाश टाकून. चिकटवलेली जरी, टिकल्या आणि सुरकुत्या त्यातच उठून दिसतात.

सर्वांत मोठी चूक तारखेत होते. मूळ तैलचित्राचं साल छापाला लावलं जातं. रवी वर्मा 1906 मध्ये वारले, छपाई मात्र चालूच राहिली. म्हणून चित्राचं साल आणि छापाचं साल नेहमी दोन स्वतंत्र ओळींत लिहा.