डिफॉल्ट बेलचे दिवस नीट मोजा : क्रिमिनल साइडला नवीन आलेल्यांसाठी

पीसीआर, एमसीआर, कच्चा कैदी, सक्तमजुरी, पॅरोल-फर्लो हे तुम्हाला येतं असं धरतो. मला कोर्टात खरा घाम फुटायचा तो दिवस मोजताना, म्हणून फक्त त्यावरच लिहितोय.

ठरलेल्या मुदतीत चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, यालाच डिफॉल्ट बेल म्हणतात, साध्या कलमांत 60 दिवस, गंभीर कलमांत 90. आधी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) 167(2) होतं, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 187(3). मोजणी अटकेपासून नाही करायची!! मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड (कोठडीचा आदेश) दिला तिथून करायची आणि तो दिवसही धरायचा. समजा अटक 1 मार्चच्या रात्री, रिमांड 2 मार्चला, तर 2 मार्च हा पहिला दिवस, साठावा 30 एप्रिल, आणि हक्क मिळतो 1 मेला. रिमांडचा दिवस धरायचा की नाही यावर आधी उलटसुलट निकाल होते, 2023 ला सुप्रीम कोर्टाने कपिल वाधवान प्रकरणात धरायचाच म्हणून सांगितलं, त्यामुळे जुन्या नोट्सवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रेडीमेड ड्राफ्टवर अजिबात विसंबू नका.

आता 1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन, सुट्टी. उद्या बघू म्हणालात आणि सकाळी तुमच्या आधी चार्जशीट पडली की हक्क गेला, कारण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. सुट्टीच्या कोर्टात अर्ज द्या, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही टाकून घ्या. अर्ज आधी पडला असेल तर तासाभराने चार्जशीट आली तरी घाबरायचं कारण नाही, उदय आचार्य विरुद्ध महाराष्ट्र (2001) सोबत ठेवा. आणि जामीनदार कागदपत्रांसकट तयार पाहिजे, कोर्टाने दिलेल्या मुदतीत जामीन भरला नाही तर एवढं करून माणूस आतच राहतो.

हे सगळं जमतं, दोन-चार रिमांडला स्वतः उभं राहिलात की हात बसतो. म्हणूनच माझं स्पष्ट मत, जो सिनिअर तुम्हाला वर्षभर नुसत्या तारखा घ्यायला पाठवतो त्याचं ऑफिस कितीही मोठं असू दे, तिथे थांबू नका.

मकोकात (संघटित गुन्हेगारीचा कायदा) मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते, एनडीपीएसच्या (अमली पदार्थांचा कायदा) व्यावसायिक मात्रेसारख्या गंभीर गुन्ह्यांत मुळातच 180 दिवस असतात आणि ते एक वर्षापर्यंत वाढू शकतात. तिथे सरकारी वकिलांचा मुदतवाढीचा रिपोर्ट मुदतीच्या आत आला का आणि तेव्हा आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्स) हजर केलं होतं का, हे रोजनामा (कोर्टाच्या कामाची रोजची नोंद) काढून स्वतः बघा.