एक डेटासेट, अनेक बॅच जॉब: डिस्प नेमका कसा द्यावा

बॅच जॉब डेटासेटसाठी (म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइलसाठी) अडकला की 'सगळीकडे डिस्प शेअर टाक, सुटेल' हा सल्ला हमखास मिळतो. डिस्प म्हणजे जॉब डेटासेट एकट्यासाठी मागतो की इतरांसोबत, हे सांगणारी नोंद. जॉब सुटतो हे खरं. पण डेटा बिघडलाय हे काही दिवसांनी कळतं, आणि तोवर बॅकअपही बिघडलेल्या डेटाचेच झालेले असतात. म्हणून झेड-ओएसवर (आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) मी हे काम कसं करतो ते क्रमाने लिहितोय. जेसीएल (जॉबच्या स्टेप आणि डेटासेट सांगणारी भाषा) तुम्हाला येतं असं धरून चाललोय.

१. वाचणारे आणि लिहिणारे वेगळे काढा

डेटासेटचं नाव सगळ्या जॉब आणि प्रॉक (पुन्हा वापरायचं तयार जेसीएल) लायब्ररींमध्ये शोधा. प्रत्येक स्टेपपुढे 'वाचते' किंवा 'लिहिते' एवढंच लिहा. हे प्रोग्राममधला ओपन बघून ठरवा, डीडी कार्डावरून (जेसीएलमधली डेटासेटची ओळ) नाही.

२. डिस्प द्या

वाचणाऱ्याला शेअर, लिहिणाऱ्याला ओल्ड, नव्या डेटासेटला न्यू, शेवटी भर घालायची तर मॉड. शेअर सोडून बाकी तिन्ही एक्सक्लुझिव्ह (एकट्यासाठी) आहेत, मॉडसुद्धा.

३. कुलूप कधी लागतं आणि कधी निघतं ते समजून घ्या

मी स्वतः इथेच अडकलो होतो, त्यामुळे इथे घाई करू नका.

ओल्ड असलेली स्टेप सुरू झाली की डेटासेटला कुलूप लागतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. पहिली स्टेप चालायच्या आधीच इनिशिएटर (जॉब चालवणारा सिस्टिमचा भाग) जॉबमधल्या सगळ्या स्टेपची डेटासेट-नावं गोळा करतो आणि सिसडीएसएन या नावाखाली प्रत्येकावर एन्क्यू (म्हणजे हेच कुलूप) मागतो. एखादा डेटासेट पाच स्टेपमध्ये शेअर आणि फक्त एका स्टेपमध्ये ओल्ड असेल, तर पूर्ण जॉबसाठी मागणी एक्सक्लुझिव्हचीच जाते, आणि तीही सुरुवातीपासून. त्या डेटासेटचं नाव घेणारी शेवटची स्टेप संपली की मगच तो सुटतो.

माझा एक सहा स्टेपचा जॉब होता. पहिली स्टेप मास्टर फाइल वाचायची आणि बराच वेळ चालायची, तिथे डिस्प शेअर. शेवटची स्टेप काही मिनिटांत फाइल अपडेट करायची, तिथे ओल्ड. ती मोठी स्टेप चालू असताना बाकीचे रिपोर्ट जॉब निवांत वाचतील असं मी धरलं होतं. ते सगळे रोज रात्री ताटकळायचे, आणि मी चूक त्यांच्या जेसीएलमध्ये शोधत बसलो. शेवटी एन्क्यूची यादी काढली, तर माझा जॉब पहिल्याच स्टेपमध्ये होता आणि त्याच्या नावापुढे एक्सक्लुझिव्ह लिहिलेलं होतं.

यावर माझ्या मते एकच धड उपाय आहे: जॉबचे दोन भाग करा. वाचणाऱ्या स्टेप एका जॉबमध्ये, लिहिणारी दुसऱ्यात. मात्र दोन जॉबच्या मधल्या फटीत तिसराच कुणी येऊन फाइल बदलू शकतो. म्हणून त्या दोघांचा क्रम आणि इतर लिहिणाऱ्यांना घालायची अट शेड्युलरमध्ये पक्की बांधा. हे न करता नुसते तुकडे केले तर पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

झेड-ओएस २.१ पासून जॉब कार्डावर डीएसएन्क्यूशेअर हा पर्याय मिळतो. जॉब क्लासची परवानगी असेल तर तो एक्सक्लुझिव्ह एन्क्यू शेअर्डवर उतरवतो, पण ओल्ड मागणारी शेवटची स्टेप संपल्यावरच. ओल्ड आधी आणि वाचन नंतर असेल तर जरूर वापरा. माझ्यासारखं ओल्ड शेवटी असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. रांग आलेल्या क्रमाने चालते. चार जॉब शेअरने वाचत आहेत आणि पाचवा ओल्ड मागून थांबलाय, तर त्याच्यानंतर शेअर मागणारा सहावाही त्याच्या मागेच थांबतो. म्हणजे थांबलेला एक जॉब वाचणाऱ्यांची रीघ लावतो, शिवाय प्रत्येक थांबलेला जॉब एकेक इनिशिएटर अडवून ठेवतो.

४. अडकलाच तर आधी धरणारा शोधा

कन्सोलवर आयईएफ८६१आय, आयईएफ८६३आय (यात डेटासेटचं नाव असतं) आणि आयईएफ०९९आय हे मेसेज दिसतील. डी जीआरएस कमांडला सिसडीएसएन आणि डेटासेटचं नाव द्या; कुणी धरलाय आणि कोण थांबलाय ते समोर येतं. थांबलेल्याला कॅन्सल करण्याआधी हे बघाच. धरणारा सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) असेल तर तो दिवसभर सोडणार नाही. ती फाइल सीआयसीएसमधून आधी बंद करून घ्यावी लागते.

५. शेअर देऊन लिहायची वेळ आली तर

साधी सिक्वेन्शियल फाइल असेल तर कधीही नाही. दोन जॉब शेअरने ती आउटपुटसाठी उघडतात, दोघंही सुरुवातीपासून लिहितात, एकाचे ब्लॉक दुसऱ्यावर चढतात, आणि फाइल कुठे संपते ते शेवटी क्लोज करणारा ठरवतो. अबेंड (प्रोग्राम चुकीने मधेच बंद पडणं) येत नाही, रिटर्न कोड शून्य असतो.

पीडीएसमध्ये (अनेक मेंबर असलेली लायब्ररी) दुसरा लिहिणारा आला तर सिस्टिम २१३-३० अबेंड देऊन त्याला थोपवते. तो अबेंड तुमचा डेटा वाचवतोय, त्याला वळसा घालू नका. दोन जॉबना वेगवेगळे मेंबर एकाच वेळी लिहायचे असतील तर लायब्ररी पीडीएसई (पीडीएसचा सुधारित प्रकार) करा. पीडीएस कॉम्प्रेस (मधली वाया गेलेली जागा मोकळी करणं) मात्र ओल्डनेच करा. शेअरने केलं तर वाचणाऱ्याच्या हाताखालून मेंबर जागा बदलतात.

व्हीसॅममध्ये (की किंवा क्रमांकाने रेकॉर्ड शोधता येणाऱ्या फाइलींचा प्रकार) शेअर दिल्यावर निर्णय ओपनच्या वेळी शेअरऑप्शन्सवर (फाइलीच्या व्याख्येतले दोन आकडे) जातो. डिफॉल्ट (१ ३) आहे: एकतर एकच लिहिणारा किंवा कितीही वाचणारे. न बसणाऱ्याचा ओपन १६८ कोडने फसतो. (२ ३) केलं की एक लिहिणारा आणि अनेक वाचणारे चालतात, पण वाचणाऱ्याला जुना रेकॉर्ड मिळू शकतो. हिशेबाच्या रिपोर्टसाठी मी ते चालवून घेत नाही. पहिला आकडा ३ केला तर सगळी जबाबदारी तुमच्या प्रोग्रामवर येते. प्रोग्राममध्ये स्वतःचा एन्क्यू नसेल तर तिकडे जाऊ नका.

आणि डिस्क दोन वेगळ्या सिस्प्लेक्सना (एकत्र काम करणाऱ्या झेड-ओएस सिस्टिमचा गट) जोडलेली असेल तर सिसडीएसएनचा एन्क्यू पलीकडे पोचत नाही. इकडे ओल्ड धरलेला असतानाही तिकडचा जॉब खुशाल लिहू शकतो, आणि दोन्ही कन्सोलवर एकही मेसेज येत नाही.