एमसीबी रेलवर नीट बसला का?

डीबीत, म्हणजे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) बसवलेल्या पेटीत, हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा आणि मल्टीमीटरने खात्री करून घ्या. मेनच्या इनकमिंग टर्मिनलवर (बाहेरून वायर येते तिथे) मात्र तरीही करंट असतोच, तिकडे बोट नको.

एमसीबीच्या पाठीवरची पक्की खाच ३५ मिमी डिन रेलच्या (पेटीतल्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) वरच्या कडेत अडकवा, मग खालचा भाग आत दाबा. ‘टक्’ वाजलं तरी खालून पुढे ओढून बघाच. खालची क्लिप अर्धवट राहिली असेल तर वायर कसताना एमसीबी हातात येतो. काढताना हिसके देऊ नका. आधी वायरी सोडवा, मग चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप खाली ओढा.

एमसीबींच्या ओळीच्या दोन्ही टोकांना एंड स्टॉपर (रेलवर घट्ट बसणारा अडसर) हवा. आपल्याकडे नेमका तोच गाळतात, आणि मग अख्खी ओळ रेलवर सरकत राहते.