पदपथावरील हिम आणि बर्फ : या चुका टाळा

आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमाला आणि गोठून दगडासारख्या झालेल्या थराला आपण मराठीत सरसकट ‘बर्फ’ म्हणतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, परंतु पदपथ साफ करताना हा फरक विसरला की काम दुपटीने वाढते. हिम वरून पडते आणि त्यावर आपला इलाज नसतो. पदपथावरचा निसरडा बर्फ मात्र पुष्कळदा आपल्याच दिरंगाईतून आणि चुकीच्या उपायांतून तयार होतो.

पहिली चूक म्हणजे हिमवर्षाव पूर्ण थांबण्याची वाट पाहणे. एकदाच बाहेर पडून सगळे उरकावे हा विचार स्वाभाविक आहे, पण तोवर पदपथावरून माणसे जात-येत असतात आणि प्रत्येक पावलाखाली हिम दाबले जाते. नंतर फावडे फिरवल्यावर आजूबाजूचे हिम सहज निघते आणि पावलांचे ठसे मात्र फरशीला घट्ट चिकटून, एकामागून एक उठून दिसतात. हे ठसे म्हणजेच उद्याचा बर्फ. वजनाचा हिशोबही ध्यानात घ्यावा. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोरड्या, ताज्या हिमाचे वजन चौरस मीटरला ५ ते १० किलो भरते, तर तेवढ्याच ओल्या हिमाचे २० ते ३० किलोपर्यंत जाते. म्हणून पाच-सात सेंटिमीटर साचले की एक फेरी मारावी आणि हिम उचलण्याऐवजी शक्य तितके ढकलत न्यावे. थंडीत अचानक केलेल्या या श्रमांचा हृदयावर मोठा ताण येतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी फावडे दुसऱ्याच्या हाती द्यावे, आणि छातीत दुखू लागले किंवा श्वास लागला तर कोणीही काम तिथेच थांबवून वैद्यकीय मदत मागवावी.

बर्फ वितळवण्यासाठी टाकल्या जाणाऱ्या मिठाबाबत सर्वांत जास्त गैरसमज आढळतात. हिमाच्या जाड थरावर वरून मीठ फेकणे म्हणजे मीठ वाया घालवणे होय, कारण ते वरच्या वर विरघळून जाते आणि तळाशी पोहोचतच नाही. आधी खरवडावे, मग उरलेल्या पातळ थरावर मीठ टाकावे, हा क्रम उलटा करू नये. मिठाचे काम जवळून पाहण्यासारखे असते : खडा बर्फात बारीक भोक पाडत खाली उतरतो, तयार झालेले खारे पाणी फरशी आणि बर्फ यांच्यामध्ये पसरते आणि थराची पकड सुटते. त्यासाठी वीस-तीस मिनिटे द्यावी लागतात. तेवढा धीर नसल्याने माणसे आणखी मीठ ओततात, किंवा लोखंडी पहारीने घाव घालून फरशीच फोडतात. थर सुटल्यावर फावड्याची धार खाली सरकवली की बर्फाच्या मोठमोठ्या खपल्या अलगद निघतात.

प्रमाण विचाराल, तर वीस-पंचवीस चौरस मीटर पदपथाला एक मोठा मगभर मीठ पुरते; दोन खड्यांमध्ये पाच-सात सेंटिमीटर अंतर दिसले म्हणजे योग्य झाले. बर्फ गेल्यावर फरशीवर कोरडे खडे उरले असतील, तर ते झाडून पुढच्या वेळेसाठी ठेवावेत. वाहून गेलेले मीठ माती, झाडे आणि ओढ्यांचे नुकसान करते आणि कुत्र्यांच्या पंजांची आग होते. नव्याने ओतलेल्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि मिठामुळे काँक्रीटच्या छिद्रांत ओल टिकून वारंवार वितळणे-गोठणे घडत राहिले की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात.

मीठ टाकूनही काही होत नसेल, तर तापमान पाहावे, आणि तेही हवेचे नव्हे, तर जमिनीचे. उणे ९-१० अंश सेल्सिअसच्या खाली साधे मीठ फारच मंदावते. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड वापरावे, कारण ते उणे २५ अंशांपर्यंतही उपयोगी पडते. अन्यथा सरळ वाळू टाकावी. वाळूने बर्फ वितळत नाही, पायाला फक्त पकड मिळते, आणि पुष्कळदा तेवढेच हवे असते. बर्फ वितळवण्यासाठी घरातील खत पसरू नये.

उकळते पाणी ओतणे हा उपाय पाहताना फार समाधानकारक वाटतो आणि नेमका म्हणूनच तो घातक आहे. वाफ उठते, बर्फ नाहीसा होतो, आणि थोड्याच वेळात तेच पाणी आरशासारखे गुळगुळीत होऊन पुन्हा गोठते. मीसुद्धा एकदा पायऱ्यांवर हा प्रयोग केला आहे; दुसऱ्या बादलीसाठी आत जाऊन परतेपर्यंत पहिली पायरी पाय ठेवण्याजोगी राहिली नव्हती.

संध्याकाळी कोरडा असलेला पदपथ सकाळी चकाकत असेल, तर दोष फावड्याचा नसून पाण्याचा आहे. उताराच्या वरच्या बाजूला रचलेला ढीग दुपारच्या उन्हात पाझरतो आणि ते पाणी पदपथ ओलांडताना रात्री गोठते; छताच्या पन्हळीचे तोंड पदपथाकडे असले तरी हेच होते. ढीग उताराच्या खालच्या बाजूला करावा आणि पन्हळीचे पाणी दुसरीकडे वळवावे. एवढे केले तर रोजचे मीठ टाकणे बरेच कमी होते.

एका माणसापुरती चिंचोळी वाट काढून थांबणे हीदेखील चूकच. चाकाच्या खुर्चीला किंवा बाबागाडीला किमान ९० सेंटिमीटर रुंदी लागते, आणि सव्वा-दीड मीटर असेल तर समोरून येणाऱ्याला बाजूला हिमात उतरावे लागत नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा, पदपथावरून रस्त्यावर उतरण्याचा उतार मात्र हमखास विसरला जातो. बर्फ हटवणारी मोठी गाडी गेली की तिथे हिमाचा बांध साचतो आणि स्वच्छ केलेला सगळा पदपथ त्या बांधापाशी संपतो. म्हणून गाडी गेल्यानंतर फावडे घेऊन कोपऱ्यापर्यंत आणखी एक फेरी मारावी आणि वाटेत अग्निशमनाचा नळ असेल, तर त्याच्याभोवतीही सुमारे एक मीटर जागा मोकळी करावी.