दुसऱ्या वर्षी माणसाच्या डोक्यावर जाणारं स्कॉच थिसल

स्कॉच थिसल हे काटेरी फुलझाड, शास्त्रीय नाव ओनोपोर्डम अकॅन्थियम, सहसा पहिल्या वर्षी फुलत नाही. त्या वर्षी जमिनीलगत पांढरट लवेच्या पानांचा घेर धरतो, हिवाळा खातो आणि दुसऱ्या वर्षी दोन-अडीच मीटरचा काटेरी दांडा वर काढतो. जांभळी फुलं येऊन बी धरलं की झाड मरतं. दरवर्षी फुलं हवी असतील तर दरवर्षी बी पेरा. अमेरिकेतली काही राज्यं आणि ऑस्ट्रेलियाचे काही भाग इथे हे घातक तण म्हणून जाहीर आहे. तिथे लावूच नये.

जागा दिवसभर उन्हाची, निचऱ्याची. खत घालू नका. सकस मातीत दांडा भराभर वाढतो, पण पोकळ-मऊ राहून पहिल्या जोरदार वाऱ्यात आडवा होतो. तसा कलू लागलाच तर वेळीच जाड काठीचा आधार द्या.

बी जागेवरच एक सेंटिमीटर खोल पेरावं, एका ठिकाणी तीन दाणे. चार पानं आली की धट्टंकट्टं एकच ठेवून बाकीची काढा. दोन झाडांत मीटरभर अंतर हवंच. पाऊल टाकायला जागा नसेल तर पुढे काटे पोटऱ्या सोलतात. कुंडीत रोप केलं तर ती खोल असावी आणि सोटमूळ तळाला टेकायच्या आत रोप हलवावं. मूळ एकदा वळलं की झाड खुरटतं.

कोवळी रोपं गोगलगायी रातोरात फस्त करतात. त्याहून मोठा घात पाण्याचा. हिवाळ्यात घेराच्या मध्यात ओल साचली की आतली पानं काळपट, बुळबुळीत होतात आणि ओढताच हातात येतात. मग ते झाड वाचत नाही. म्हणून मातीला थोडा उंचवटा द्या आणि पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको.

खरं काम फुलं उतरू लागल्यावर. जांभळा रंग विटला की लगेच बोंडं कापा, म्हातारी उडायची वाट पाहू नका. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि मातीत त्या अनेक वर्षं जिवंत राहतात. बियाण्यासाठी एखादंच बोंड कागदी पिशवी बांधून राखा. नको तिथे उगवलेलं रोप घेराच्या अवस्थेतच कुदळीने जमिनीखाली पाच सेंटिमीटरवर तोडा; नुसती पानं छाटली तर पुन्हा फुटतं. हातमोजे चामड्याचे घ्या, कापडी उपयोगाचे नाहीत. कापलेली बोंडं कंपोस्टमध्ये टाकू नका. झाडापासून तोडल्यावरही त्यातलं बी पिकतं.